दोन रकान्यांची वही

“घरं किती येतील तेवढं सांग. बाकीचं राहू दे,” दिनकरतात्या म्हणाले.

मी पुढे केलेला चार पानी आराखडा त्यांनी न वाचताच घडी घालून मला परत दिला होता. आम्ही कांडपाच्या दारात उभे होतो. आत डंख, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, चालू होता. लोखंडी मुसळांची रांग वर जायची आणि उखळांत आदळायची, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोन ठोक्यांच्या मधे बसवावं लागायचं. मालनकाकींना ते तीस वर्षांच्या सवयीनं जमायचं. मला जमत नव्हतं.

“दोनशे,” मी ओरडले.

“गेल्या साली एकशे अठरा आली होती,” तात्या म्हणाले. “पाडव्याला सुरुवात झाली, अक्षय तृतीयेला मोजू. दोनशे घरांनी मिरची आणली तर डंख राहील. न्हाईतर वहिनी, मला दोष देऊ नका. पाकिटाच्या चटणीची एजन्सी मिळतीय. ना ठसका, ना शिंका.” एवढं बोलून ते सलग तीनदा शिंकले आणि मोटरसायकलवर बसून गेले.

कांडपाची जागा तात्यांच्या नावावर होती, डंख त्यांच्या थोरल्या भावानं बसवलेला, आणि भाऊ गेल्यावर तो चालवत होत्या त्यांच्या वहिनी, मालनकाकी. तात्यांच्या खात्यात जमेला एकच गोष्ट होती: ते दिलेला आकडा बदलत नसत. नावेची बाजू मी इथे काढत नाही, जागा पुरायची नाही.

“दोनशे म्हणालीस?” काकींनी पदरानं तोंडावरची तिखटाची धूळ पुसली. “मेघे, गावात तेवढ्या चुली तरी राहिल्यात का?”

“गावात नसतील काकी. गावाबाहेर आहेत.”

हे विट्याचं, आठ-नऊ वर्षांपूर्वीचं. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट: मिरची, कांदा, लसूण, खोबरं आणि वीसेक मसाले एकत्र कुटलेलं. उन्हाळ्यात एकदा करायचं आणि वर्षभर पुरवायचं. गावातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. जुनं सोनं वितळवून शुद्ध करणारी ही माणसं कोइमतूर, कन्नूर, कानपूर अशी कुठे कुठे दुकानं मांडून बसलेली. भाषा तिकडची शिकले, लुंग्या नेसू लागले, पण चटणी गावाकडूनच जायची. माझे वडील बल्लारीला अशाच एका दुकानात नोकरीला होते, तेव्हा आमचा डबाही दर मे महिन्यात एसटीच्या टपावरून जायचा.

मी पुण्यात डिजिटल मार्केटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते. सर्टिफिकेट होतं, गिऱ्हाईक नव्हतं. काकी आमच्याच आळीतल्या. पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांना मीच निवडलं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. त्या कुणालाच नाही म्हणत नसत. तेव्हा तो मला त्यांचा दोष वाटायचा.

आराखडा वाईट नव्हता, हे आजही म्हणेन. आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवलं. चटणी कुटून घेते सासू, पण फोन असतो सुनेच्या हातात, आणि ‘औंदा गावाकडूनच करून आणा’ हा शेवटचा शब्द कानपूरला बसलेल्या मुलाचा. म्हणजे तिघांना तीन वेगळे निरोप. सुनांसाठी मिस्ड कॉलवर नंबर लावायची सोय केली. सकाळी सातपासून पाट टाकून रांगेत बसायला नको. मिस्ड कॉल द्या, तुमची वेळ मेसेजनं येईल. मुलांसाठी अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ: देठ काढणारे हात, खोबरं भाजताना उठणारा धूर, डंखाचा आवाज. ते दुपारी दीड ते तीनमध्ये टाकायचे, कारण दक्षिणेतली दुकानं तेव्हा जेवायला बंद असतात आणि माणूस डबा उघडून फोन बघत असतो. गलाईवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप शोधून काढले, सव्वीस निघाले.

“आवाज कशाला घेतलास?” काकींनी पहिला व्हिडिओ बघून विचारलं.

“लोक त्यानंच रडतात, काकी.”

“तिखटानं रडतील.”

पण खरंच उत्तरं आली. कोइमतूरहून एकानं लिहिलं, ‘आईच्या मांडीवर बसून हा आवाज ऐकलाय.’ दुसऱ्या दिवशी त्याची भावजय मिरची घेऊन हजर. दोन आठवड्यांत घरं भरली एकशे एकतीस. मी रोज संध्याकाळी खडूनं दारावर आकडा लिहायचे. काकी तो बघायच्या आणि उखळं झाडायच्या.

आता अडलं होतं ते फक्त एकोणसत्तर घरांवर, आणि मला घाई झाली.

काकींची एक वही होती. लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. घराला एक पान. बाई यायची, पाटावर बसायची, चार बायकांच्या देखत आपल्या घरचं प्रमाण सांगायची: मिरची एवढी, धने एवढे, खसखस एवढी. काकी डाव्या रकान्यात लिहायच्या. मग पिशव्या उघडून तोलायच्या, उखळात घालायच्या आणि उजव्या रकान्यात पुन्हा काहीतरी लिहायच्या. पुष्कळ पानांवर दोन्ही रकाने सारखे असायचे. काही पानांवर नसायचे.

मला त्यात जाहिरात दिसली. डावीकडे गिऱ्हाईकानं सांगितलेलं, उजवीकडे जाणत्या हातानं सुधारलेलं. शाईचे डाग, हळदीची बोटं, जुनं अक्षर. असलं खरं काहीतरी लोकांना हवं असतं, असं कोर्समध्ये शिकवलं होतं. शनिवारी दुपारी काकी जेवायला गेल्या असताना मी वहीतलं सगळ्यात देखणं पान उघडलं. वरचं नाव झाकावं एवढी अक्कल मला होती. नावावर एक तमालपत्र ठेवलं, शेजारी चार बेडगी मिरच्या मांडल्या आणि फोटो काढला. विचारायचं राहिलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. राहिलं नव्हतं. काकी कुणाला नाही म्हणत नाहीत हे मी हिशेबात धरलं होतं.

खाली लिहिलं: ‘तुम्ही फक्त सांगा. बाकी आमच्यावर सोडा. तीस वर्षांचा हात.’

रविवारी दुपारी दीड वाजता फोटो सोडला. चारपर्यंत अकराशे लाइक. सव्वीस ग्रुपांतून तो आणखी कुठे कुठे गेला ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. कोरियरनं चटणी मिळेल का म्हणून संध्याकाळपर्यंत चौसष्ट जणांनी विचारलं. आणि सगळ्यांना एकच हवी होती. ‘ही फोटोतली, मिरीवाली.’

खाली लोक गप्पा मारत होते. ‘नाव झाकून काय उपयोग, पाव किलो मिरी बोलतेय की!’ ‘डावीकडं मिरी दोनदा लिवलीय बघा.’ ‘आणि मीठ कुठाय? आक्कांनी मीठ सोडलं का काय?’ पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी प्रत्येकाला अंगठा दिला. गप्पा वाढल्या की फोटो आणखी लांब जातो, हेही शिकले होते.

सोमवारी एक बाई आली. मंगळवारी कुणीच नाही.

बुधवारी नंबर लावलेल्या नऊ जणींपैकी एकही फिरकली नाही. मी दारात उभी होते. समोरून आमच्याच आळीतल्या दोघी मिरचीची पोती रिक्षात घालून स्टँडपलीकडच्या डंखाकडे गेल्या. हाक मारली, तर एक जण रस्त्याकडे बघत म्हणाली, “आमचं औंदा थोडंच हाय गं.” पोती तीन होती.

डंख बंद असला की ती जागा किती मोठी आहे ते कळायचं. काकी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

दुपारी मला कन्नूरहून फोन आला. मोहन देवकर. सोनाक्का देवकरांचा मुलगा.

“तो फोटो काढून टाका,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

“काका, नाव झाकलंय त्यावरचं.”

“नाव कशाला पायजे? आई वीस वर्षं हितं कन्नूरला राहिली. तेव्हापासून आमच्या चटणीत मिरी पडते, पाच किलोला पाव किलो. अख्ख्या तालुक्यात दुसरं घर दाखवा तसं. वास आला तरी लोक सांगतात, देवकरांचा डबा उघडला म्हणून.” मग ते म्हणाले, “आईनं बघितलाय फोटो. नातवानंच दाखवला, कौतुकानं. आज्जी, तुझी चटणी फेमस झाली म्हणून.”

फोन ठेवल्यावर मी काकींच्या समोर जाऊन बसले आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला.

“सोनाक्काचं पान,” त्या म्हणाल्या. “हेच सापडलं तुला?”

“काकी, उजवीकडे तुम्ही सुधारलेलंच आहे ना? मला वाटलं...”

“सुधारायला मी कोण?” त्यांनी फोन पाटावर उपडा ठेवला. “आक्काला चार वर्षं झाली, ध्यानात राहात न्हाई. मिरी सांगती, चार जिनसा सांगती, पुन्हा मिरी सांगती. मीठ सांगायचंच इसरती. मी डावीकडं लिवती तिनं सांगितलेलं. सगळ्यांपुढं तिनं काय सांगितलं ते तसंच लिवलं पायजे, तिला दिसतंय. आन् घालती तिचं खरं. तिच्या हातचं जुनं पान हाय माझ्याकडं. घरी गेल्यावर सून म्हणती, आत्या, औंदाबी तुमचीच चव. मोहनला ठाव हाय, सुनंला ठाव हाय, मला ठाव हाय. आक्काला नव्हतं.”

मी पाटावरचा फोन उचलला.

“आन् ती एकटी न्हाई,” काकी म्हणाल्या. “निम्म्या वहीत दोन रकानं वेगळं हायत. कुणी खसखस पाव किलो सांगती चारचौघींत, आन् पिशवीत चिमूटभर असती. मी चिमूटभर घालती. कुणी सासूचं सांगती आन् माहेरचं घालून नेती. एकीच्या नवऱ्याला डॉक्टरनं तिखट बंद केलंय, भावकीला कळू द्यायचं न्हाई, म्हणून मिरची तेवढीच सांगती आन् अर्धी परत नेती. तू एक पान उघडलंस, मेघे. बायांनी आपापलं मोजलं.”

मी फोटो काढून टाकला. माझ्या पेजवरून, एवढंच. बाकीच्यांकडून काढायची सोय नव्हती.

दिनकरतात्या मात्र गुरुवारी पेढे घेऊन आले. त्यांना चौसष्ट जणांची यादी कुणीतरी सांगितली होती. “वहिनी, हे तर घरबसल्या! एकशे बत्तीस आन् चौसष्ट, किती झाले? एकशे शहाण्णव. चार घरं मी आणतो, माझ्या सासरवाडीची. देवकर स्पेशल म्हणून पाठवा. डंख राहिला म्हणून समजा.”

“ती चटणी माझी न्हाई,” काकी म्हणाल्या.

“प्रमाण तुमच्या वहीत हाय.”

“वहीत ठेवायला दिलंय.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबी मुलगी, हो म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी बेरीज करून पाहिली होती. बेरीज बरोबर होती.

“भाऊजी, दोनशेचा शब्द तुमचा, आन् तो बरुबर हाय,” काकी म्हणाल्या. “पण ही घरं न्हाईत. ही नुसती त्वांडं हायत.”

पेढे पाटावरच राहिले. त्यांना मुंग्या लागल्या.

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि सोनाक्का उतरल्या. ऐंशीच्या आसपास, सडसडीत, नऊवारी चापून नेसलेली. सून बरोबर नव्हती. रिक्षावाल्यानं मिरचीचं पोतं आणि मसाल्याच्या पिशव्या आत आणून ठेवल्या. समोरच्या किराणा दुकानात दोघी-तिघी होत्या, त्या तिथेच थबकल्या. पलीकडच्या गल्लीतली एक जण पाण्याची घागर घेऊन उगाचच दोनदा गेली.

“फोटोवाली तू का?” सोनाक्कांनी मला विचारलं.

“हो.” माफीची चार वाक्यं मी रात्रभर पाठ केली होती, ती सुरू केली. पहिलं अर्धं झालं.

“नंतर. वही घे. आज तू लिव्ह.”

मी काकींकडे पाहिलं. त्यांनी मानेनं वही दाखवली. मी नवं पान काढलं, मधे रेघ मारली.

सोनाक्का पाटावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून, समोरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. “मिरची पाच किलो. बेडगी तीन, लवंगी दोन. धने एक किलो. खोबरं दीड. मिरी पाव किलो. तीळ अर्धा. लवंग, दालचिनी शंभर शंभर. दगडफूल...” त्या थांबल्या. बोटं मांडीवर हलत होती, एक एक करून दुमडत होती. “जायपत्री पन्नास. मिरी पाव किलो.”

माझं पेन थांबलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी विसरलेले नाही. त्यांना कळलं होतं की काहीतरी चुकलं, आणि काय चुकलं ते कळत नव्हतं.

“लिवलंस?”

“लिहिते, आक्का.” मी दुसऱ्यांदा लिहिलं, ‘मिरी पाव किलो.’

“सांगितलं तसं लिव्ह. थांबू नको. तू थांबलीस की मला कळतं.”

कांदा झाला, लसूण झाला, हळकुंडं झाली. यादी संपली. मीठ आलं नाही. मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट फिरवत डावा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मग उजव्या, कोऱ्या रकान्यावर तेच बोट ठेवलं.

“ह्यात काय घालती ही, ते मी कधी बघितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मालन, मी उगं रस्त्याकडं तोंड करून बसायची.”

“बसायचं की मग. औंदा काय झालं?” काकी म्हणाल्या.

“औंदा सगळ्या गावानं बघितलंय. मी एकटीनंच का न्हाई बघायचं?” आणि त्यांनी पाट फिरवून तागडीकडे तोंड केलं.

काकी तोलू लागल्या. मिरी एकदाच तोलली. सोनाक्कांचं लक्ष होतं. पारडं खाली गेलं, वर आलं, पुडी बाजूला झाली, दुसरी पुडी काही आली नाही. त्यांनी ओठ दाबले. शेवटी काकींनी खडेमिठाचा डबा ओढला, एक किलो तोललं.

“मीठ सांगितलं का मी?”

“सांगितलंत,” काकी म्हणाल्या.

सोनाक्का माझ्याकडे वळल्या. “पोरी, सांगितलं?”

आयुष्यात मी आकड्यांत कधी खोटं बोलले नव्हते. बाकीच्या गोष्टींत बोलले होते. “सांगितलंत आक्का, एक किलो,” मी म्हणाले आणि डाव्या रकान्यात सगळ्यात खाली लिहिलं.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग हसल्या. “शिकलीस,” म्हणाल्या. “घाल गं मालन.”

डंख सुरू झाला. समोरच्या दुकानातल्या दोघी रस्ता ओलांडून आल्या आणि पोत्यांना टेकून उभ्या राहिल्या. त्यातली एक मला म्हणाली, “सोमवारचा नंबर हाय का गं?” फोन करायला ती विसरली नव्हती. तिला समोर विचारायचं होतं.

त्या दिवसापासून पुन्हा घरं येऊ लागली. सगळी नाही. काही पोती स्टँडपलीकडे गेली ती गेलीच. अक्षय तृतीयेला संध्याकाळी दिनकरतात्या आले आणि दारावरचा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. एकशे त्र्याऐंशी.

“सतरा कमी,” ते म्हणाले. त्यांनी मान खाली घातली होती. “वहिनी, ती यादी अजून हाय. सतराच घ्या चौसष्टातली.”

काकींनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

डंख जूनच्या आधी भंगारात गेला. चार माणसांना उचलला नाही, सहा लागली. जागेत पाकिटं आली, छान रंगीत. मी पुण्याला परत गेले. आता माझ्या ऑफिसात चौदा माणसं आहेत, आणि गिऱ्हाईकाच्या घरातलं काही छापण्याआधी आम्ही दोनदा विचारतो. नव्या पोरांना वाटतं, हा मॅडमचा वहम आहे. सोनाक्का तीन वर्षांनी गेल्या. शेवटी त्यांना मोहनचं नावही आठवत नव्हतं, असं ऐकलं.

गावातल्या बायका आता स्टँडपलीकडे जातात. पण निघायच्या आधी एकेक जण काकींच्या ओट्यावर थांबते. काकी तिचं प्रमाण सांगतात. लिहून देत नाहीत.

मागच्या वर्षी माझी आई गेली. दिवस झाल्यावर घर आवरताना चटणीची बरणी तळाला गेलेली दिसली आणि आमचं प्रमाण मला माहीत नाही हे लक्षात आलं. आईला कधी विचारलंच नव्हतं. मी काकींकडे गेले. त्या ओट्यावर एकट्याच होत्या. वही आतून आणली नाही, लागतही नव्हती.

“आमचं सांगा, काकी,” मी म्हणाले.

त्यांनी मला शेजारी बसवलं. रस्त्यावर कुणी नाही ते पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“आईनं सांगितलेलं सांगू,” त्यांनी विचारलं, “का मी घातलेलं?”

बल्लारीचा पगार, एसटीच्या टपावरचा डबा, चारचौघींत ताठ बसलेली आई. एवढी वर्षं माणसं मोजत आले, आणि आमच्या घराचं पान मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

“आधी आईनं सांगितलेलं,” मी म्हणाले.

काकींनी डोळे मिटले. “मिरची चार किलो,” त्या म्हणाल्या. “खसखस पाव किलो,” आणि आईच्या क्रमानं, एकही जिन्नस कमी न करता, त्या सांगत गेल्या.